साबणाच्या डबीतलं जेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगतेय, ते विचारू नका.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. नाशिकच्या एका कॉलेजात आम्ही दोघी रसायनशास्त्रात एम.फिल. करत होतो — मी आणि सटाण्याची सिंधू. विषय एकच, हायड्रोजेल. म्हणजे भरपूर पाणी पोटात धरून ठेवणारा, खरवसासारखा थुलथुलीत पदार्थ. द्रावण साच्यात ओतायचं, घट्ट झालं की वडी काढायची आणि ती ओल्या काचेवरून किती सहज घसरते ते मोजायचं. माझ्या वड्या काचेला चिकटून बसायच्या. तिच्या? बोट लावलं की सुळकन पुढे.

आमचे मार्गदर्शक सर म्हणायचे, हिच्या हाताला गुण आहे. माझ्यासमोरच म्हणायचे. मी हसायचे — आणि आतून जळायचे. किती? तिच्या साध्या सुती साड्यांचासुद्धा राग यायचा मला. विभागात एकच जागा निघणार होती आणि ती कुणाला मिळणार, हे शिपायालाही ठाऊक होतं.

एक दिवस पाहिलं, ती द्रावण प्लास्टिकच्या साबणाच्या डबीत ओतत होती. काचेच्या बशा पुरत नव्हत्या ना! वहीत मात्र तिनं ‘काचेची बशी’ असंच लिहिलं होतं. पद्धत तशी ठरलेली, आणि प्रयोगशाळेत साबणाची डबी वापरली हे लिहायची तिला लाज वाटली असणार. भांड्यानं काय फरक पडतो, असंच तिला वाटायचं. मलाही वाटायचं.

पण मत्सर माणसाला कामाला लावतो. मी गुपचूप एकच द्रावण काचेत आणि माझ्या डबीत, दोन्हींत ओतलं. काचेतली वडी चिकटली, डबीतली घसरली. कापून पाहिल्या तर आतून दोन्ही सारख्याच — फरक फक्त साच्याला टेकलेल्या बाजूचा. प्लास्टिकला टेकलेली बाजू मऊ, निसरडी झाली होती. गुण हाताला नव्हताच, साच्याला होता. केवढा आनंद झाला मला, काय सांगू?

मग बाहेरगावचे एक प्राध्यापक तिचं काम तपासायला येणार असं ठरलं. त्यांच्यासमोर सिंधूनं प्रयोग पुन्हा करून दाखवायचा होता. आणि मी — मी आदल्या दिवशी माझ्या कोऱ्या काचेच्या बशा तिला दिल्या. स्वतःहून. परक्या माणसासमोर साबणाची डबी बरी दिसत नाही, असंही वर म्हणाले. तिचे डोळे भरून आले.

तिनं तीनदा प्रयोग केला. तिन्ही वेळा वडी चिकटली. वहीतले आकडे मनानं रचलेले ठरले, सर तिच्याशी बोलेनासे झाले. व्हरांड्यात तिनं माझा हात धरला. एरवी माझ्याशी शहरी मराठी बोलणारी ती, तेव्हा अहिराणीत बोलली — “मी काहीच खोटं लिखेल नई शे. तुले तरी खरं वाटस ना?”

डबी आठव, सिंधू — एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी हात सोडवून घेतला आणि म्हणाले, “आकडे तुझे तुलाच ठाऊक.”

ती सगळं सोडून सटाण्याला परत गेली. जागा मला मिळाली. पुढे ऐंशीच्या दशकात मी पीएच.डी. केली — साच्याच्या पृष्ठभागाचा जेलच्या पृष्ठभागावर होणारा परिणाम, हाच विषय. प्रस्तावनेत लिहिलं की ही गोष्ट मला माझ्याच प्रयोगात योगायोगानं दिसली. सरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली.

आभाराच्या पानावर काचेची भांडी धुणाऱ्या शिपायाचंही नाव आहे. सिंधूचं नाही. आधी लिहिलं होतं. टाइप करायला देण्याआधी मीच खोडलं.