मी बघितलाय, या

ताडकळसच्या भर बाजारात उभं राहून आपल्याच पिक्चरची खोट सांगणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही त्यांना माइकदादा म्हणायचो. सायकलरिक्षाला भोंगा बांधून ते माझ्या टॉकीजची जाहिरात करत. "गाणी दोनच हायती, तीबी लांबलेली. हाणामारी मातर लय जोरात. बारकी लेकरं आणू नका, भितील. मी बघितलाय. या." झाली जाहिरात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याच्या टॉकीजबाहेर शेंगा विकत मी मोठा झालो होतो, पत्र्याची का होईना स्वतःची टॉकीज उभी केली होती, आणि हा माणूस माझाच माल पाडून सांगत होता. मी बाजारातच ओरडलो, "दादा, मिरचीवाला कधी सांगतो का, माझी मिरची तिखट न्हाई म्हणून?"

ते शांतपणे म्हणाले, "भाऊ, मिरची लोक चाखून घेतेत. पिक्चर कुठं चाखता येतो? म्हणून मी चाखतो."

सगळा बाजार मला शेठ म्हणे. हे एकटेच भाऊ म्हणत. तेही मला सुरुवातीला खटके.

चाखायची त्यांची रीत ठरलेली होती. पिक्चरची पेटी रेल्वेनं परभणीला आणि तिथून एसटीच्या टपावर ताडकळसला यायची. ती आली की दादा रिकाम्या टॉकीजमध्ये पुढच्या बाकावर एकटे बसत आणि ऑपरेटरला सगळी रिळं चालवायला लावत. एका माणसासाठी प्रोजेक्टरच्या दिव्याचा कार्बन जळतो म्हणून मी बडबडायचो. पण बघितल्याशिवाय ते माइक हातात घेत नसत. पुढं कळलं की या खरेपणानंच माझी टॉकीज भरत होती. ते 'या' म्हणाले की लोक येत.

त्यांचे वडील गावची दवंडी देत. धर्मांतरानंतर घरानं ते काम सोडलं. मी एकदा विचारलं, "मग हे काय वेगळं?" दादा म्हणाले, "ते गावानं गळ्यात बांधलं होतं. हे मी हातात घेतलंय." विद्यापीठाच्या नामांतराचे दिवस होते. पारावर माणसं एकमेकांकडं तिरकं बघत. पण दादांचा भोंगा वाजला की वरच्या आळीतलेही कान टवकारत.

त्या वर्षी एका मारधाडीच्या पिक्चरनं आमच्या भागाला वेड लावलं. पांढऱ्या घोड्यावर बसणारा त्यातला हिरो. त्याला कुणी नावानं ओळखत नसे, सगळ्यांचा तो 'घोडेवाला'. लोक बैलगाड्या जुंपून येत, एकदा बघून परत दुसऱ्या बाजाराला येत. मग त्याचा दुसरा भाग निघाला. मी वितरकाच्या हपिसात जाऊन बसलो. तिथं कळलं, घोडेवाला निर्मात्याशी भांडून केव्हाच निघून गेलाय. पैसेही संपलेले, म्हणून कुणी नवखा पोरगा धरून पिक्चर कसाबसा उरकलाय. घोडेवाला फक्त पहिल्या रिळात, भिंतीवरच्या फोटोत, हार घातलेला. पोरगा त्या फोटोसमोर सुडाची शपथ घेतो. वितरकानं हे लपवलं नाही. उलट त्याच मुद्द्यावर मी भाव इतका पाडला की त्याचा चेहरा उतरला. मी खुशीत बाहेर पडलो.

आता अडचण एकच होती, दादा. मी पेटी परभणीत एका ओळखीच्या दुकानात ठेवून दिली आणि ताडकळसला येऊन सांगितलं, "पेटी चुकली. ऐन बाजाराच्या दिवशी येईल."

"मग मी सांगू कसं?" दादा म्हणाले.

"मी बघून आलोय ना."

"घोडेवाला हाय का?"

"हाय की. पहिल्याच रिळात."

दादा रिक्षाकडं वळले. मी टेपरेकॉर्डर मागून आणला होता. रिक्षा जात नाही त्या गावांत जीपमधून वाजवावी म्हणून त्यांची जाहिरात त्या दिवशी बाजारात पहिल्यांदाच टेप केली.

बाजाराच्या दिवशी दुपारचा खेळ लावला. बाया दारापाशी खाली बसल्या, इतकी गर्दी. फोटो दिसला तेव्हा शिट्ट्या झाल्या, कुणी पडद्यावर चिल्लर उधळली. मग लोक वाट बघत बसले. घोडेवाला येईना. घोडासुद्धा तो नव्हता. कुठल्या तरी तांबड्या घोड्याला चुना फासला होता. नदीच्या सीनमध्ये चुना उतरला आणि टॉकीज हसली. नंतर ते हसूही थांबलं. मध्यांतरात माणसं उठून बाहेर आली.

मी तिकिटाच्या खिडकीत भांडायच्या तयारीत बसलो होतो. मला कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी दोन जास्त दिल्या असत्या. पण माझ्याकडं कुणी आलंच नाही. सगळे रिक्षाजवळ उभ्या असलेल्या दादांकडं गेले. एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "दादा, तुझा बाप उपाशीपोटी दवंडी द्यायचा. पण खोटी दवंडी कधी दिली न्हाई रे त्यानं."

दादांनी हात जोडले. 'मला भाऊंनी सांगितलं' एवढं त्या वेळी म्हणाले असते तरी सुटले असते. म्हणाले नाहीत.

गर्दी पांगल्यावर ते खिडकीत आले. माइक आत ठेवला. "भाऊ, एकच विचारतो. तुमाला ठाऊक होतं?"

मी सुरू केलं, "दादा, धंद्यात थोडं..."

"बरं," म्हणाले आणि गेले.

पुढच्या आठवड्यात ते जाहिरातीच्या वाटेवरच्या प्रत्येक गावात पायी गेले. भोंगा नाही, रिक्षा नाही. पारावर, गिरणीवर, आडावर थांबून सांगत, "मागल्या बाजारी मी चुकीचं सांगितलं." तेव्हाही माझं नाव घेतलं नाही. याचाच राग मी वर्षानुवर्षं बाळगला. भांडले असते तर मी त्यांना बोलून बोलून वळवलं असतं. त्यांनी मला घासाघीस करायला जागाच ठेवली नाही.

मी परभणीहून दुसरा माणूस आणला. आवाज चांगला होता, पण लोक थांबत नसत. पानटपरीवरचा एक जण मला ऐकू जाईल असं बोलला, "शेठ, माइकदादाचाबी फोटो लावा की, हार घालून!" बाजार हसला. दोन वर्षांत मी टॉकीज काढून टाकली.

दादा लेकीकडं राणीसावरगावला राहायला गेले होते. ते वारल्याचं मला महिन्यानं कळलं. मी गेलो. काय बोलायचं ते एसटीत घोकून ठेवलं होतं. घरात शिरलो तर समोर भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीखाली त्यांचा फोटो होता, हार घातलेला. घोकलेलं सगळं विसरलो.

लेकीनं चहा दिला. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "बाबांच्या तोंडून तुमचं नाव कधी ऐकलं न्हाई." मग म्हणाली, "लेकरांनी त्यांचा माइकमधला आवाज कधी ऐकलाच न्हाई. तुमच्याकडं एखादी टेप हाय का हो?"

"न्हाई ताई," मी म्हणालो. "टेप करायची राहून गेली."

ती टेप माझ्या कपाटात आहे. एकच आहे, त्या दुसऱ्या भागाची. जन्मभर एकेका वस्तूसाठी हुज्जत घातली, आणि जी फुकट द्यायची होती तीच देता आली नाही. दादांनी माझं नाव एकदाच घेतलं होतं, तेही भर बाजारात, आणि ते त्या टेपमध्ये आहे. लोकांनी तेव्हा फक्त 'या' ऐकलं. पिक्चरची सगळी माहिती सांगून झाल्यावर ते जरा थांबतात. भोंग्याची खरखर ऐकू येते. मग म्हणतात, "मी बघितला न्हाई. पण आमच्या भाऊंनी बघितलाय. या."