पान एकशे बारा ते एकशे बावीस

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत एक छोटा गट चालतो. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा विद्यार्थ्यांसाठी आम्ही पाठ्यपुस्तकं मोठ्याने वाचतो आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून देतो. एका निवृत्त शिक्षिकेने तो सुरू केला. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो, त्या सगळ्यांना भाऊ म्हणतात. मी वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकुनी करतो. आवाज बरा आहे एवढ्या भांडवलावर सात वर्षांपूर्वी गटात आलो.

नियम एकच, पण कडक: पान उलटलं की पानाचा नंबर म्हणायचा. ऐकणाऱ्याला पुस्तकात आपण कुठे आहोत हे त्यावरूनच कळतं. दुसरा नियम घरचा. वाचताना कूलर बंद, नाहीतर त्याचीच घरघर रेकॉर्ड होते. मार्च सरताना नागपुरात कूलर बंद करून बसणं म्हणजे काय, ते बायको रोज ऐकवायची. "तुमचा भूगोल होईपर्यंत आम्ही शिजून जाऊ. काहून घेता असं काम?"

भूगोलाचं ते पुस्तक काटोलच्या एका मुलीसाठी होतं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, वडिलांचा संत्र्याचा बगीचा. बसने यायची, पेनड्राइव्ह घेऊन जायची. पुढे बी.एड. करून शिक्षिका व्हायचं, हे तिने पहिल्याच भेटीत सांगितलं होतं.

त्या रविवारी माझी अकरा पानं राहिली होती. 'मृदा' या प्रकरणातला काळ्या मातीचा भाग, एकशे बारा ते एकशे बावीस. सोमवारी सकाळी ती फायली न्यायला येणार होती, आणि साडूने जामठ्याच्या स्टेडियमवरच्या क्रिकेट मॅचचा पास आणला होता. पुढचं प्रकरण शनिवारीच वाचून ठेवलं असतं तर या अकरा पानांना वेळ मिळाला असता, पण तेही बाकी होतं. मी काळी माती सोडली आणि सरळ एकशे तेविसावर गेलो. तोंडाने मात्र 'पान एकशे बारा' म्हणालो. मग पुढची अकरा पानं प्रत्येक पानाच्या मध्यावर एक जास्तीचा नंबर म्हणत गेलो. एकशे चौतिसाव्या पानावर पुस्तकाचे नंबर आणि माझे नंबर जुळले. अकरा पानं वाचायला जेवढं डोकं लागलं असतं, त्याहून जास्त मी ती चोरायला लावलं. मॅच बघितली. कोण जिंकलं ते आता आठवत नाही.

मे महिन्यात परीक्षा झाली. काळ्या मातीवर मोठा प्रश्न आला. तिने लेखनिकाला सांगितलं, हे आपल्या पुस्तकात नाही, पुढचा घे. पेपर सुटल्यावर मैत्रिणींनी तिला चिडवलं, "काय वं, काटोलची पोरगी अन् काळी माती माहीत नाही?" ती भांडली. पुस्तकात नाहीच म्हणाली. भूगोलात चार गुणांनी राहिली. त्या वर्षीचं बी.एड. गेलं.

निकालानंतर ती खोलीवर आली. ताईंसमोर मला विचारलं, "काका, तुम्ही वाचलं त्यात काळी माती नव्हतीच नं?"

मी म्हणालो, "जुनी आवृत्ती असेल."

"हो, जुनीच असंल," ती म्हणाली. ताईंनी दोन दिवस सीताबर्डीच्या दुकानांतून नवी आवृत्ती शोधली. मी स्कूटरवरून त्यांना फिरवलं; नसलेली आवृत्ती मिळणार कुठून.

याला चार वर्षं झाली. तिने पुन्हा परीक्षा दिली, बी.एड. केलं, आता काटोलकडेच एका शाळेत शिकवते. मी गटात येत राहिलो, पुढची पुस्तकं नीट वाचली, ताईंनी कौतुक केलं की मान खाली घालायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

यंदा जुलैत नवीन वाचक यावेत म्हणून ताईंनी वस्तीत चिठ्ठ्या वाटल्या. नऊ जण आले. ताई त्यांना म्हणाल्या, "मोठं मन-बिन घरी ठेवा. आठवड्याचा एक तास द्या, बस." मग नमुना म्हणून माझा भूगोल लावला. आणि सहज म्हणाल्या, "हेच रेकॉर्डिंग यंदा तिघांना देऊन राहिलो आपण."

मी उठून मोबाइल बंद केला. "हे देऊ नका ताई. यात अकरा पानं नाहीत."

"पण नंबर तर बरोबर येऊन राहिले," नव्यांतली एक बाई म्हणाली. मग ते कसं केलं, हे मला सगळ्यांसमोर सांगावं लागलं. कोणीतरी चक्क हसलं. ताई हसल्या नाहीत. "म्हणजे आवृत्ती तीच होती," एवढंच म्हणाल्या. पुढे बोलल्या त्या फक्त कामाचं: पुस्तक आणा, आजच वाचा. आणि तिला फोन मी करायचा, त्या करणार नाहीत.

संध्याकाळी केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "माह्यं एक वर्ष होतं ते, काका." मग, "मी बाबाले म्हटलं होतं, तुमच्या मातीचं पुस्तकात काहीच नाही म्हणून. त्यायले वाईट वाटलं होतं." फोन तिनेच ठेवला.

ताईंनी मला काढलं नाही. मी तशी तयारी दाखवली तर म्हणाल्या, "वाचणारे कमी आहेत भाऊ, रागावायची चैन नाही परवडत." पण आता प्रत्येक रेकॉर्डिंग दुसरा कोणीतरी पुस्तक समोर धरून ऐकतो. पहिली पाळी माझ्याच भूगोलाची आली. आठवड्याभरात आणखी दोन गाळलेल्या जागा सापडल्या: सिंचनाची चार पानं, नद्यांची दोन. विसरलो होतो असं इथे लिहिता आलं असतं. पण मला दोन्ही आठवत होत्या. मी फक्त मोठी कबूल केली होती.

म्हणून दुसरा फोन. मधल्या सुट्टीची वेळ बघून केला.

"आता काय राहिलं, काका?"

मी सांगितलं. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"अन् आता खरंच संपलं?"

हो म्हणणार होतो. "अर्धं पुस्तक तपासायचं आहे," मी म्हणालो. "मला आठवतं ते एवढंच."

"मंग तपासून होऊ द्या. झालं की सांगजा," ती म्हणाली. "मले वर्गावर जायचं आहे."