धुणेवालीची थोरली

लस टोचत फिरणारी सुईबाई कुणाच्या दारात जाऊन "घरात लेकरू आहे का?" असं कधी विचारायची नाही. विचारलं की नाहीच म्हणतात. टोचलं की पोर रात्रभर किरकिरतं, आईला झोप नाही, दुसऱ्या दिवशीचं काम बुडतं. मग सुखासुखी हो कोण म्हणेल? म्हणून ती माणसाच्या तोंडाकडे न बघता दोरीकडे बघायची. लंगोट वाळत असले की घरात तान्हं आहे. लंगोट जाऊन चड्ड्या आल्या की पोर चालायला लागलं, गोवराची लस राहिली असेल तर आता घाई करायची. काही बाया तिच्याही वरताण. लंगोट आत चुलीवर वाळवायच्या. पण धुराचा वास कुठं लपतो? खांद्याला थंड पेटी अडकवून ती दारात उभी राहायची, नाक ओढायची आणि म्हणायची, "काय गं, आज लंगोट परतलेस वाटतं?" बाई हसली की काम झालं.

अशी ती अख्खी वस्ती दोऱ्यांवरून वाचायची. चुकली ती एकाच घरी.

चढावर, पाण्याच्या टाकीखाली धुणेवाली आणि तिची सासू राहायच्या. नवरा लांब कुठं खाणीत. साऱ्या वस्तीचे कपडे तिच्या अंगणात वाळायचे, त्यामुळं तिथं लंगोट दिसले नाहीत असा दिवस नव्हता, आणि ते सगळे लोकांचे. सुईबाईचा पांढरा कोटसुद्धा तिथंच धुतला जायचा. कुंपणावरून द्यायचा, कुंपणावरून घ्यायचा. धुणेवाली माहेरी बाळंत होऊन पोर घेऊन परत आली, त्या पोरीचे लंगोट लोकांच्या लंगोटांत वाळले, आणि सुईबाईची नजर सवयीनं त्यांच्यावरून सरकत गेली. धुणेवालीनं काही लपवलं नव्हतं. बाई दर खेपेला दारावरून पुढं जाते, म्हणजे आपल्या पोरीला लागत नसेल, असं तिला वाटलं.

मग गोवर आला. जिथं सुई पोचली होती तिथून दार वाजवून गेला. टाकीखाली मात्र मुक्काम ठोकला.

सुईबाई कोट घ्यायला गेली तर कुंपणाशी सासू उभी.

"कोट राहिलाय तुमचा. घरात मयत झाली."

"कुणाची?"

"नातीची."

"कुठली नात?" सुईबाईनं विचारलं.

म्हातारीनं न धुतलेला कोट कुंपणावर टाकला. मग वळून आत गेली. विचारायला नको होतं ते आपण विचारून बसलो, हे सुईबाईला उतारावर आल्यावर कळलं.

तेव्हापासून ती कोट घरीच धुवायला लागली आणि खालच्या गल्लीनं फिरायला लागली. पण टाकीचा चढ वस्तीत कुठूनही दिसतो. दोरीच्या टोकाला एक झबलं असायचं, बाकी कपड्यांपासून हातभर दूर, आणि बघावं तेव्हा ओलं. धुणेवाली रोज धुवायची. वारा पडलेला, चादरी ढिम्म लटकलेल्या, आणि ते तेवढं हलायचं. लोक म्हणायचे, घालून बघते कुणीतरी. हळूहळू लोकांनी आपले लंगोट तिच्याकडं टाकणं बंद केलं.

सुईबाईच्या कानात कायम एक किरकिर राहिली. कुठल्याही घरात गेली की टोपल्या उघडून बघायची, खाटेखाली वाकायची. बाया थट्टा करायच्या, "मांजरीची पिल्लं राहिलीत बाई, तीही टोचून टाका." ती हसायची नाही. वाकलेलीच राहायची.

धुणेवालीला मुलगा झाला. तो रांगायला लागला आणि नाल्यापलीकडं पुन्हा गोवर निघाला. आता चढ चढण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"सापडली वाट?" म्हातारी म्हणाली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

"बोला मावशी. पण पोराला आज नळाजवळ टोचायला घेऊन या."

"मी नाही म्हणत नाही," आतून धुणेवाली म्हणाली. "पण आधी थोरलीला द्या. तिला वगळून ह्याला दिलं तर ती ह्याला ठेवायची नाही. रोज पाळण्याशी उभी असते, बाई."

सुईबाईनं म्हातारीकडं पाहिलं. एवढी तिखट बाई, तिनं मान खाली घातली.

नळाजवळच्या पत्र्याखाली रांग होती. धुणेवाली कडेवर मुलगा आणि हातात ते झबलं घेऊन आली, तशी रांग आपोआप बाजूला झाली. सुईबाईनं नवी सुई काढली आणि तशीच, रिकामी, झबल्याकडं नेली.

"औषध भरा," धुणेवाली म्हणाली.

"अगं, एकेका थेंबावर एकेक पोर आहे. रांग संपू दे. कुपीत उरतं ते टाकूनच द्यावं लागतं, ते तिला देते."

"पुन्हा तिलाच मागं ठेवता?"

मागून कुणी म्हणालं, "आमच्यांना कमी पडलं तर?"

"दुसरी कुपी आहे," सुईबाई म्हणाली. तिनं पूर्ण मात्रा भरली. उजवी बाही कापसानं पुसली. टोचताना पोर हिसडा मारतं म्हणून दंड घट्ट धरतात, तशी तिनं ती बाही धरली. आणि धरलेला हात तिला पटकन सोडवेना. औषध ओल्या कापडात कुठं गेलं ते दिसलंही नाही. "झालं हं, झालं," तिच्या तोंडून निघालं.

मग तिनं मुलाला टोचलं. तो बोंबलला. धुणेवालीनं त्याला छातीशी घेतलं.

"ताप येईल?"

"आज येईल, नाहीतर आठवड्याभरानं. एखाद-दोन दिवसांत उतरेल. गोळी देते, पाव पाव द्यायची."

"दोघांना?"

सुईबाईनं गोळ्या मोजणं थांबवलं.

"थोरलीला नाही येणार."

"का?"

"तिला येऊन गेलाय."

धुणेवालीनं त्यावर थोडा विचार केला. मग मान डोलावून चढाकडं निघाली. तिच्यामागं लोहाराची सून होती. तिनं आपल्या पोराची बाही आधीच वर करून ठेवली होती.