न उठलेला हात

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहणारा मी पहिला. हे मी कुठेही सांगतो, कोणी विचारलं नाही तरी सांगतो. बारावीनंतर मला नागपूरला कंपनीत लावायचं घरात ठरलं होतं. आजा, बाप, काका सगळे एका बाजूला. एकटा मी नाही म्हणालो आणि भंडाऱ्याला बी.ए.ला नाव घातलं. म्हणून इंग्रजीच्या सरांनी कॉलेजच्या हॉलमध्ये तो जुना सिनेमा दाखवला तेव्हा मला वाटलं, हा आपल्यावरच काढलेला आहे.

सिनेमा काळा-पांढरा, इंग्रजी, आणि जवळजवळ सगळा एकाच खोलीत. खुनाचा आरोप असलेल्या एका पोराचं काय करायचं, हे बारा साधी माणसं बसून ठरवतात. सुरुवातीला हात वर करायला सांगतात. अकरा हात वर जातात, पोरगा दोषी. एक हात उठत नाही. मागच्या बाकांवरची पोरं मोबाईल पाहत होती. मी त्या हाताकडे पाहत होतो.

आमचं गाव अड्याळच्या पुढे. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते आणि मंडईला गावच्या मंडळाचं नाटक असतंच. त्या वर्षी मी मंडळाला सांगितलं, नाटक मी लिहितो. आपल्या कोर्टात आता असे पंच बसत नाहीत, म्हणून मी गावचे पंच केले. बारा नट मिळणं कठीण, म्हणून नऊ केले. खुनाच्या जागी धानाचं पुंजणं जाळल्याचा आरोप ठेवला. कापलेल्या धानाचा रचून ठेवलेला ढीग म्हणजे घराचं वर्षभराचं पोट. तो जाळणं आमच्याकडे खुनापेक्षा कमी नाही.

मंडळाचं दिग्दर्शन पेटीमास्तर करायचे. पेटीही तेच वाजवायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई नाही याच्यात?"

"नाही."

"गाणं?"

"मास्तर, पंच बसले आहेत निकाल द्यायले. ते गाणं काहून म्हणतील?"

"चहा तं पितात ना? मंग चहाचं एक गाणं टाक. नुसते नऊ माणसं खुर्चीवर बसून बोलून राहिले, तं लोक चपला फेकतील बापू."

चहाचं गाणं टाकलं. ते मी सोसलं. कारण मला गाण्याचं काही नव्हतं, मला तो एक हात पाहिजे होता. एकट्याने नाही म्हणणारा पंच मीच करणार, हे मी लिहायला बसलो तेव्हापासून धरून चाललो होतो.

समाजमंदिरात वाचन झालं. मी त्या पंचाचं भाषण वाचलं. मास्तरांनी पेटीवर बोट ठेवलं आणि माझ्या चुलतभावाकडे पाहून म्हणाले, "तू वाच रे."

हा चुलतभाऊ माझ्याहून लहान. बारावी नापास, धान कापायच्या हार्वेस्टरवर ड्रायव्हर. सीझनमध्ये सगळं गाव त्याच्या मागे, "आमच्या बांधीत कधी येतं?" म्हणत. अडखळत, हसत, मध्येच कान खाजवत त्याने वाचलं. मास्तर म्हणाले, "हा करन एकटा पंच. आन तू तो खुंट कर, शेवटपर्यंत सजाच पाहिजे म्हणनारा."

"काहून?" मी विचारलं. "सिनेमा मी पाहिला. नाटक मी लिहिलं."

"तू बातम्या वाचल्यासारखा वाचून राहिला. एकट्या माणसाच्या बाजूनं लोक गेले पाहिजेत. याच्या बाजूनं लोक जातात." मग जरा हळू, "आन त्या खुंटाचं तोंड तुले बनवा लागत नाही. आताच पाह्य ना आरशात."

सगळे हसले. चुलतभाऊही हसला, आणि त्यात कपट नव्हतं, हे मला जास्त लागलं.

मी त्याला म्हटलं, निदान सिनेमा तरी पाहून घे. मोबाईलवर लावून दिला. दहा मिनिटांत त्याने फोन परत दिला. "दादा, याच्यात रंग कधी येते?"

असा माणूस माझी वाक्यं बोलणार होता. बरं, जशी लिहिली तशी तरी बोलावीत! मी लिहिलं होतं, "शंका ही न्यायाची पहिली पायरी आहे." पाच वेळा अडखळला आणि सहाव्यांदा म्हणाला, "मले पक्कं मालूम नाही बा. तुमाले आहे?" मास्तर म्हणाले, "हेच ठेव."

मी घरी येऊन मायला म्हटलं, माझं वाक्य कापलं. ती तालीम दारातून पाहून आली होती. म्हणाली, "तो बोलला तं माह्या अंगावर काटाच आला."

"ते मी लिहिलं, माय."

"हाव ना. पन बोलला तो."

त्या दिवसापासून मला त्याचं सगळंच दिसायला लागलं. तो पाण्याचा गिलास कसा उचलतो, बायका त्याला ओट्यावरून कशा हाक मारतात. मी भंडाऱ्याहून कारध्याच्या पुलावरून दर शनिवारी गावी आलो, कोणी अशी हाक मारली नव्हती. मला विचारत, "सुट्टी का?"

मंडईच्या दिवशी मांडव भरला. पहिल्या प्रवेशात मुख्य पंचाने विचारलं, पोरगा दोषी असं कोणाला वाटतं? आठ हात वर गेले, त्यात माझा. चुलतभावाचा हात मांडीवरच राहिला. तो काही करत नव्हता, नुसता हाताकडे पाहत होता. समोरून एक म्हातारी ओरडली, "एकटा हाय बिचारा! बोलू द्या ना त्याले!" आणि टाळ्या. वाक्य अजून बोललाच नव्हता आणि टाळ्या!

चहाचं गाणं झालं, वन्स मोअरही झाला. मग माझ्याच लिखाणाप्रमाणे एकेक पंच त्याच्या बाजूने जाऊ लागला. शेवटी मी उरलो. त्याने विचारायचं, "ज्यायले वाटते पोट्ट्याले सोडावं, त्यायनं हात वर करा." आठ हात वर जाणार. मग माझा, आणि पडदा.

आठ हात गेले. माझा गेला नाही.

मी ठरवून केलं नव्हतं. पण हात मांडीवर होता आणि माझ्या लक्षात आलं, आता सगळा मांडव माझ्याकडे पाहतो आहे. आठ हात एकीकडे, एक हात खाली, आणि तो माझा. कॉलेजच्या हॉलमध्ये जे पाहिलं होतं ते आता मी होतो. मी वाट पाहिली, ती म्हातारी काही म्हणते का.

"कर ना बे वर!" मागून कोणीतरी ओरडलं. "पोट्ट्याले मारतं का?"

पडद्याआडून मास्तर कुजबुजत होते, "हात. अबे हात."

चुलतभावाजवळ पुढचं वाक्य नव्हतं. मी लिहिलंच नव्हतं. तो खुर्चीतून उठला, माझ्या पायाशी जमिनीवर येऊन बसला, पाठ माझ्या खुर्चीला टेकून. नाटकात तो मला काका म्हणायचा, पण तेव्हा म्हणाला, "दादा, घाई नाही. बसतो मी."

आणि खरंच बसला. माझ्याकडे वळून पाहिलंही नाही.

माझा हात वर गेला. पोराची दया आली म्हणून नाही. चुलतभावाची पाठ माझ्या गुडघ्याला लागत होती आणि ते आणखी सहन होत नव्हतं म्हणून. मांडव उठून उभा राहिला.

लोक भेटून म्हणत होते, "शेवटी काय थांबला बे तू! रडवलं." चुलतभाऊ शेजारीच होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "दादानंच तसं बसवलं होतं." माझ्यासाठी खोटं बोलला, आणि तेही इतकं सहज, की मला धड रागावताही आलं नाही.

यंदा शेजारच्या गावाने मंडईला तेच नाटक मागितलं आहे. त्याचा हार्वेस्टरवरून फोन आला, मागे मशीनचा घर्रघर्र आवाज. "दादा, यावेळी एकटा पंच तू कर. मी तुह्यावाला करतो."

इतकी वर्षं जे पाहिजे होतं ते त्याने असं फोनवर देऊन टाकलं. मी नाही म्हणालो. लगेच म्हणालो.

हे नाही म्हणणं त्या एका हातासाठी नव्हतं, भीतीपोटी होतं. तो माझ्या खुर्चीत बसला असता, शेवटी हात खाली ठेवला असता, आणि लोक म्हणाले असते, खुंट करावा तं यानंच.