गारठ्यात जाणारा सिग्नल

"आपलं-त्यांचं चपलांबरोबर बाहेर ठेवा," मॅडम म्हणायच्या.

तळोज्याच्या आमच्या चाचणी प्रयोगशाळेत स्वच्छ खोलीच्या दाराशी चपलांचा रॅक होता. पांढरा झगा, टोपी, हातमोजे चढवून आत जाणाऱ्या प्रत्येकाला, साहेब असो की परदेशी पाहुणा, हे वाक्य ऐकावंच लागे. बोलताना मॅडम हसत नसत. आवाज न चढवता खोली गप्प करणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मॅडम पनवेलच्याच, खाडीकडच्या मोहल्ल्यातल्या. वडील कुवेतला नोकरी करून परतलेले, भावाचं कापडाचं दुकान. त्या वर्षी उपग्रहावर जाणाऱ्या एका दुर्बिणीचं काम आमच्याकडे आलं. दुर्बीण इटलीची, तिचे सिग्नल वाचणारी पेटी आपली. दोन्ही जोडून तपासायची जबाबदारी मॅडमची. दुर्बिणीबरोबर पाओलो नावाचा शास्त्रज्ञ आला होता. उंच, चिडका, चहातल्या साखरेवरून कँटीनवाल्याशी रोज भांडणारा. मॅडमनी ईदला घरी नेऊन त्याला सांदणं खाऊ घातली, तेव्हापासून निदान त्यांच्याशी तरी तो हळू बोलू लागला.

शेवटची चाचणी निर्वात टाकीत होती. अवकाशासारखी पोकळी, आळीपाळीनं ताप आणि गारठा. टाकी गार झाली आणि सिग्नल गेला. तापवली, आला. पुन्हा गार केली, पुन्हा गेला.

उपग्रह आमच्यासाठी थांबणार नव्हता. दुर्बीण वेळेत पास झाली नाही, तर तिच्या जागी तेवढ्याच वजनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा जाणार होता. तो शेजारच्या खोलीत झाकून ठेवलेला होता. येताजाता आम्ही तिकडे बघायचं टाळायचो.

"दोष तुमच्या पेटीत आहे," पाओलो म्हणाला. पेटी टाकीबाहेर होती. आम्ही ती काढून दुसरी लावली. तरी सिग्नल गेला.

आमच्या विभागप्रमुख साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे दोष टाकीच्या आत, दुर्बिणीत. तसं कळवून टाका, मॅडम. आपण सुटलो."

"उगाच कुणावर इल्जाम नको, सर. आत केबलचा एक जोड माझ्या हातचा आहे. तो बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

"आणि टाकी उघडून तो ठीक निघाला तर? मग दुर्बीण खोलून बघायला वेळ उरेल?"

"नाही."

पाओलोची संमती लागणार होती. त्याची उमेदीची वर्षं त्या दुर्बिणीत गेली होती. त्यानं विचारलं, "खात्री आहे?"

"नाही. जोड बसला की टिक असा आवाज येतो. तो ऐकल्याचं मला आठवत नाही."

पाओलोनं एकदा ठोकळ्याच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाला, "उघडा."

उघडण्याआधी टाकी सावकाश तापवावी लागते, नाहीतर दुर्बिणीच्या गार आरशावर दव बसतं. आम्ही तापमानाच्या काट्याकडे बघत उभे होतो. मॅडमचे ओठ हलत होते. दार उघडलं, त्यांनी जोड सोडवला, विजेरी मारली. एक बारीक सोनेरी पिन मागे सरकलेली होती. उबेत जेमतेम टेकायची, गारठ्यात सुटायची.

"माझी चूक," मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं. साहेबांनी मान खाली घातली.

मॅडमनी पिन नीट बसवली आणि जोड पाओलोपुढे धरला. "तू लाव. या वेळी तुझ्या हातचा असू दे."

त्यानं तो घेतला नाही. त्यांच्या हातातली विजेरी मात्र घेतली. "तूच लाव. मी उजेड धरतो."

टिक. सगळ्यांनी ऐकलं.

दुर्बीण पास झाली. ठोकळा इथंच राहिला. चौकशी मात्र झाली, आणि मॅडमना त्या कामावरून काढून खरेदी विभागात बसवलं. काही महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. उड्डाणाचं आमंत्रण त्यांना गेलं नाही.

दुर्बीण अवकाशात सुरू झाली, तेव्हा पाओलो आणि मी नियंत्रण केंद्राबाहेरच्या दालनात पडद्यासमोर होतो. उपग्रह पृथ्वीच्या सावलीत शिरायला लागला, तसा मी मॅडमना फोन लावला.

"अगं, बाकी काही सांगू नकोस," त्या म्हणाल्या. "गारठला का?"

"गारठतोय."

"सिग्नल?"

पडद्यावरची रेघ थरथरली आणि तशीच पुढे गेली.

"आहे, मॅडम."

पाओलोनं माझ्या हातातून फोन घेऊन कानाला लावला. नजर रेघेवरच होती. त्याला काय ऐकू येत होतं, मी विचारलं नाही. उपग्रह पुन्हा उन्हात येईपर्यंत तो तसाच उभा होता.