बंद कामावरची उमेदवारी

नांदेडला बांधकामाच्या डिप्लोमाचं दुसरं वर्ष संपलं, तेव्हा सुट्टीत एखाद्या साइटवर ट्रेनिंग करून दाखला आणायचा होता. दाखला नसला तर तिसऱ्या वर्षात बसू देणार नव्हते. पोरांना मामा होते, ओळखीचे गुत्तेदार होते. मी वर्गात एकटी मुलगी. आमच्या घराचा सिमेंटशी संबंध एवढाच, की आईवडिलांनी ते डोक्यावरून वाहिलं होतं. वर्ष वाया गेलं तर घरी माझ्या लग्नाचं निघणार, हे कुणी सांगायची गरज नव्हती.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. जिकडंतिकडं सरकारी बांधकामं निघालेली, म्हणून मी आमच्या गावाहून, अहमदपूरहून, एसटीनं तिकडंच हेलपाटे घालू लागले. पण कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या आणि अर्धा कारभार अजून जुन्या जिल्ह्याच्या गावी. लातूरचे म्हणायचे तिकडं विचारा. तिकडं गेले तर म्हणायचे, आता तुमचा जिल्हा वेगळा. या टोलवाटोलवीत निम्मी सुट्टी गेली. मग गुत्तेदारांची दारं धरली.

"बायका हायत की साइटवर," एक जण म्हणाला. "पाट्या उचलत्यात. येतीस?" आणि आजूबाजूचे हसले. असा संताप आला की पाठ फिरवून थेट एसटी गाठली.

शेवटी उरले लातूरच्या सरकारी क्वार्टर्सच्या कामावरचे इंजिनिअर साहेब.

"विहिरी आटल्यात. काँक्रीट कालवायला पाणी नाही, काम बंद आहे. शिकवू काय, डोंबल?"

पुढच्या सोमवारी पुन्हा गेले. पुन्हा नाही. त्यानंतरच्या सोमवारी त्यांनी मला बघून कपाळाला हात लावला. मी निर्लज्जासारखी उभी राहिले.

"सर, बंद कामावरच ठेवा. काम थांबायच्या आधी टाकलेला स्लॅब आहे ना? तो ओला ठेवायला तरी माणूस लागेल."

नवा स्लॅब वाळला की तडकतो, एवढं पुस्तकात वाचलेलं होतं. साहेबांनी पहिल्यांदाच माझ्याकडं नीट बघितलं.

"वडिलांना घेऊन ये. पोरीची जबाबदारी मी अंगावर घेणार नाही."

वडील तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडत होते. माझं शिक्षण पुरे, असं त्यांनीच कितीदा म्हटलं होतं. तरी ते धुतलेला सदरा घालून आले आणि दारातूनच, सगळ्यांना म्हणायचे तसं खणखणीत म्हणाले, "जय भीम, साहेब!"

साहेबांचं पेन थांबलं. संपलं, असंच वाटलं.

"बसा," साहेब म्हणाले.

वडील बसले नाहीत.

"उन्हात राहावं लागेल. मजुरांमध्ये. काही झालं तर?"

"उन्हातच वाढलीय, साहेब. आन् तुम्ही न्हाई म्हणलं तरी सोमवारी येणारच हाय ती. म्या न्हाई म्हणून म्हणून थकलो. आता तुम्ही बघा."

साहेब हसले नाहीत. खिडकीतून स्लॅबकडं बघत राहिले.

"उद्या सातला ये. स्लॅबवर गोणपाट अंथरलंय. ते कोरडं दिसलं तर दाखला विसरायचा."

मी लगेच हो म्हणाले. वडिलांच्या मागोमाग बाहेर आले, तेव्हा त्या आटलेल्या विहिरी आठवल्या. एवढं पाणी आणायचं कुठून, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.