दुसऱ्या डिस्कवरचा जास्तीचा फोटो

आधीच सांगते, आमच्या घरात असलं काही चालत नाही. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हाच नवस, अंगारे, देवऋषी सगळं सुटलं. वडलांनी आम्हा बहिणींना एकच प्रश्न विचारायला शिकवलं - पुरावा काय? त्यामुळे असले अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचले. आता स्वतःच लिहायला बसलेय... आणि पुरावा माझ्याकडेही नाही. तो मी माझ्या हाताने पुसला.

मी ओतूरची. मंचरला बिबट्यांच्या एका सर्व्हेत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे, एसटीने रोज ये-जा करते. उसाच्या कडेने ठिकठिकाणी कॅमेरे बांधलेत. समोर काही हललं की आपोआप फोटो निघतो, खाली तारीख-वेळ छापून येते. कॅमेऱ्यातली कार्डं बदलायचं काम दत्तूभाऊंचं. महाळुंगे पडवळचे, चाळिशीतले, हसतमुख. दर गुरुवारी सकाळी शिवारातून फिरून दुपारपर्यंत कार्डांची डबी माझ्या टेबलावर ठेवायचे. मी प्रत्येक कार्ड दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी करायचे. एक डिस्क ऑफिसच्या कपाटात, दुसरी माझ्या घरी - चोरी झाली, आग लागली तरी एक प्रत राहावी म्हणून. तिन्हीकडचे आकडे जुळल्याशिवाय कार्ड कोरं करायचं नाही, हा साहेबांचा पहिला नियम.

त्या गुरुवारी ओढ्याकडच्या कॅमेऱ्याच्या कार्डावर २८६ फोटो होते. पहिल्या डिस्कवर २८६. दुसऱ्या डिस्कवर २८७.

कमी आलेले आकडे मी पाहिले होते. केबल हलली की होतं तसं. पण जास्त? याद्या शेजारी-शेजारी लावून तो एक फोटो शोधून काढला. सकाळचं ऊन, उसाची कड, आणि पाठमोरा वाकलेला एक माणूस. चेहरा दिसत नव्हता. अंगात आमच्या सर्व्हेचं राखाडी जॅकेट, पाठीवर चमकणारी पिवळी पट्टी. खाली वेळ - सकाळी सात चाळीस. तारीख मात्र पुढच्या गुरुवारची.

दत्तूभाऊ समोरच चहा पीत होते. मी स्क्रीन फिरवली. "भाऊ, हे तुम्हीच की! पुढच्या आठवड्यात जाऊन आलात वाटतं?"

ते हसले, मग वाकून पाहिलं. "घड्याळ बिघडलं आसंल ताई त्याचं."

"मग बाकीच्या फोटोंची तारीख बरोबर कशी?"

कप तसाच ठेवून ते फोटोकडे बघत राहिले. "मी असा वाकलोच न्हाई आज," एवढंच म्हणाले.

मी पुण्याला साहेबांना फोन लावला. ते घाईत होते. "फाइल खराब असेल. दुसऱ्या डिस्कवरचं फोल्डर उडवा, परत कॉपी करा." तसं केलं. २८६, २८६, २८६. कार्ड कोरं केलं. मला तर बरंच वाटलं, हिशेब जुळला म्हणून.

पुढच्या गुरुवारी दुपार झाली तरी कार्डं आली नाहीत. फोन लागेना. तीनच्या सुमारास ऑफिसातल्या शिपायाने येऊन सांगितलं - महाळुंग्याला बिबट्याने माणूस मारला. आपल्या जॅकेटवाला.

मला वाटलं, दत्तूभाऊच. पण ते दत्तूभाऊ नव्हते. त्यांचा धाकटा भाऊ, सोपान. पिकअप चालवायचा, दोन लहान मुली. त्या सकाळी दत्तूभाऊंनी पोट दुखतंय म्हणून अंथरूण सोडलं नव्हतं. सोपान म्हणाला, "पड तू, मी येतो बदलून." थंडी होती, म्हणून खुंटीवरचं जॅकेट घालून गेला. ओढ्याकडच्या कॅमेऱ्यापाशी पोचायच्या आधीच, बांधावरच्या पाइपाला पाणी प्यायला वाकला. शेजारच्या शेतातल्या बाईने बघितलं, ओरडली... तोवर उसात ओढून नेलं होतं.

त्या कॅमेऱ्याचं कार्ड चार दिवसांनी माझ्याकडे आलं. नियमाप्रमाणे दोन्ही डिस्कवर कॉपी केलं, आकडे जुळले. मग मन घट्ट करून उघडलं. त्या सकाळचा एकही फोटो नव्हता. असणारच नव्हता. पाइप कॅमेऱ्याच्या पाठीमागे, तीसेक पावलांवर. मी आठवडाभर आधी जो फोटो पाहिला, तो कुठल्याच कॅमेऱ्याने कधी काढलेला नव्हता.

दुसरी डिस्क मी पुण्याला नेली. पुसलेल्या फाइली परत काढून देणारा एक जण आहे. त्याने वर्षभरापूर्वी उडवलेली फोल्डरंसुद्धा बाहेर काढली. त्या दिवशी उडवलेलं फोल्डरही मिळालं, त्यात फोटो होते २८६. "ताई, तुम्ही मोजायला चुकला असाल," तो म्हणाला. साहेबही तेच म्हणतात. मलाही तेच म्हणायला आवडलं असतं. पण तो फोटो मी आणि दत्तूभाऊ, दोघांनी बघितला होता.

महिन्याने मी दत्तूभाऊंच्या घरी गेले. सोपानची बायको आतून पाणी आणून ठेवून गेली, वर बघितलं नाही. दत्तूभाऊंनी काम सोडलं होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "मी तो फोटो दाखवायलाच नको होता."

"पोट दुखत नव्हतं ताई माझं," ते हळूच म्हणाले, आतल्या दाराकडे बघत. "हितं कुनालाच सांगितलं न्हाई. भ्यालो व्हतो मी."

मी उठायला लागले तेव्हा ते म्हणाले,

"एक इचारू? फोटोत तोंड दिसतच नव्हतं. तुमी कशावरून म्हनालात, हे तुमीच की?"

मी पिशवी उचलून बाहेर पडले. तो फोटो कुठून आला, का आला, हे मला आजवर कळलेलं नाही. पण रोज एसटीत बसले की कानात येतो तो त्यांचा प्रश्नच.